आप्पांच्या घरी नोकर नव्हता

धुळ्यात, देवपुरात आमच्या घराला लागून आप्पांचा बंगला आहे. मधे फक्त कमरेएवढी भिंत. आता दोन वर्षं बंगल्याला कुलूप आहे, आप्पा पुण्याला लेकीकडे असतात. पण फाटकावरची काळ्या दगडाची पाटी अजून आहे. तिच्यावर दोनच शब्द कोरलेले आहेत, ‘एक सेवक’. खाली नाव नाही, पदवी नाही, घराचा नंबरही नाही. नवा कुरिअरवाला आला की आधी माझ्याकडे येतो. “बाई, हे सेवक कोण? आडनाव आहे का?” मी सांगते, आडनाव नाही, खोड आहे. तो हसतो आणि पाकीट माझ्याचकडे ठेवून जातो.

आप्पा आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. ते मराठी शिकवत, मी भूगोल. अठरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. ‘हाताखाली’ म्हटलेलं त्यांना चालत नसे, ‘सोबत’ म्हणायचं. ते निवृत्त झाल्यावर तरी सुटका होईल म्हटलं, तर आमच्या यजमानांनी प्लॉट घेतला तो नेमका त्यांच्या शेजारी. त्यामुळे मला आप्पा समोरून, मागून आणि गच्चीवरून असे तिन्ही बाजूंनी पाहायला मिळाले. समोरून माणूस फार देखणा. उंच, पांढराशुभ्र झब्बा, आवाजात साय. कुणालाही वाटावं, याच्या पाया पडावं. मीही दोनदा पडले आहे, आणि त्याचा मला आजही राग येतो.

शाळेत रुजू झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे ऑफिसबाहेरच्या फळ्यावरचा ‘शिपाई’ हा शब्द पुसला आणि ‘सेवकबंधू’ लिहिलं. दुसरं काम, टेबलावरची घंटी उचलून कपाटात टाकली. पहिल्याच सभेत म्हणाले, “घंटी जनावराच्या गळ्यात शोभते. माणसाला घंटी वाजवून बोलावणं हा माणसाचा अपमान आहे.” आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या जरा जास्तच वाजल्या असतील, कारण तेव्हा मी नवी होते.

मग हळूहळू कळलं की घंटी गेली, पण बोलावणं गेलं नाही. आप्पा खाकरत. एकदा खाकरले की पाणी. दोनदा खाकरले की बाहेर पोरं गोंधळ करताहेत, बघा. लांब, ओढून खाकरले की समोर बसलेला पालक फार वेळ बसलाय, त्याला कुणीतरी भेटायला आलंय असं खोटंच सांगायला या. घंटी वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जायची, खाकरणं जात नाही. त्यामुळे आमचे शिपाई, म्हणजे सेवकबंधू, दिवसभर दाराला कान लावून उभे. एकदा मी त्यांना म्हटलं, अहो जरा टेका की. ते म्हणाले, “बाई, घंटी बरी व्हती. ती वाजेपर्यंत बसाले तरी भेटे.”

आप्पांचं दुसरं वैशिष्ट्य असं, की त्यांनी जन्मात कुणाला हुकूम केला नाही. ते स्वतःच तसं अभिमानानं सांगत, आणि ते खरंही होतं. ‘पाणी आण’ हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. ते फक्त जगाची परिस्थिती सांगत. “घसा कोरडा पडल्यासारखं झालंय.” “ऊन फार आहे आज, नाही?” “चहाची वेळ झाली वाटतं.” वाक्य हवेत सोडायचं आणि आढ्याकडे बघायचं. जवळपास जो कुणी असेल त्यानं ते झेलायचं, पाणी आणायचं, छत्री उघडायची, आधण ठेवायचं. आणि काम झालं की आप्पा आश्चर्य वाटल्यासारखे मान वर करून म्हणत, “अरे! कशाला त्रास घेतलास?”

घरी हे वाक्य झेलायला दोन माणसं होती. एक अक्का, त्यांच्या पत्नी. दुसरा सुकलाल.

सुकलाल मूळचा पिंपळनेरकडचा. एरंडोलजवळ आप्पांची शेती होती, तिथं तो बारा-तेरा वर्षं सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला संपतं. त्या दिवशी सालदार कामाला हात लावत नाही. मालकानं त्याला हाक मारायची नाही, मारली तर गाव हसतं. आणि नवं साल धरायचं की दुसरीकडे जायचं, ते तो ठरवणार. माझ्या लहानपणी आखाजीच्या आदल्या संध्याकाळी माझे वडील आमच्या सालदाराच्या झोपडीवर जाऊन खाटेच्या कडेला बसलेले मी पाहिले आहेत. “काय मंग, यंदा आपलाकडेच ना?” असं विचारताना त्यांचा आवाज वेगळाच यायचा. वर्षभर डाफरणारा माणूस त्या एका संध्याकाळी चांगला वागायचा, कारण त्या संध्याकाळी त्याच्या पोटात गोळा आलेला असायचा. मला वाटतं, तो गोळा फार मोलाचा होता.

आप्पा निवृत्त झाले, शेती त्यांनी वाट्यानं दिली आणि सुकलालला देवपूरला आणायचं ठरवलं. त्या आखाजीला गावच्या पारावर चार माणसांसमोर त्यांनी जाहीर केलं, “आजपासून सुकलाल माझा सालदार नाही. आजपासून तो माझ्या घरचा माणूस आहे. आमच्यात साल नाही, करार नाही, मालक नाही, नोकर नाही.” गावानं वा वा केली. एक म्हातारा तर रडला म्हणे. सुकलालनं त्या दिवशी गावात गूळ वाटला. आपण काय देऊन बसलो हे त्याला कळलं नाही. त्या पारावर बसलेल्या एकाही शहाण्याला कळलं नाही.

तो देवपूरला आला आणि घरचा माणूस झाला. झाडलोट, धुणं, बाग, गिरणी, बाजार, आप्पांचे पाय चेपणं, अक्कांना दवाखान्यात नेणं, सगळं घरचं म्हणून तोच करी. घरचा असल्यामुळे त्याला सुट्टी नसे. घरच्या माणसाला कसली सुट्टी? जिन्याखाली त्याची खाट होती. आप्पा आलेल्या-गेलेल्याला सांगत, “सुकलालची खोली.” खोली म्हणायला निदान तीन भिंती तरी लागतात. तिथं एक भिंत होती आणि वर जिना.

एकदा काय झालं, आमच्याकडे पाणी आलं होतं. धुळ्याचं पाणी म्हणजे सणासारखं, कधी येईल त्याची आठवडाभर वाट पाहायची. मी भांडी भरत होते आणि बघते तर आप्पांची टाकी भरून वाहतेय, पाणी फाटकाखालून रस्त्यावर. माझ्या जिवाची तगमग झाली. मी भिंतीवरून ओरडले, “आप्पा, तुमच्या नोकराला सांगा, कॉक बंद करायला!”

आप्पा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, घडी केली आणि भिंतीपाशी आले. “बाई,” ते म्हणाले, “तुमच्यासारख्या शिकलेल्या स्त्रीच्या तोंडी हा शब्द? नोकर हा शब्द आपला नाहीच मुळी. फारशीतून आला. चाकरही तिथलाच, त्याचा जोडीदार. आपला शब्द गडी. गडी म्हणजे काय? खेळातला सोबती! पोरं म्हणतात ना, माझा गडी तुझा गडी? किती सुंदर शब्द आहे. आपण मात्र त्याला बैलाच्या शेजारी बांधला. दास म्हणाल तर तो भक्तीतला. आणि सेवक...” इथं त्यांचे डोळे मिटले. त्यांच्या मागे पाणी धो धो वाहत होतं. माझी नजर पाण्यावर, त्यांची शब्दाच्या उगमावर. दहा मिनिटांनी, मान न वळवता, ते हवेत बोलले, “टाकी भरली वाटतं.”

मागच्या अंगणात सुकलाल गोधडी धूत होता. तो ओल्या हातांनी धावत आला, पुढच्या पायरीखाली वाकला, आत हात घालून कॉक फिरवला. पाणी थांबलं. आप्पांनी मान वर केली. “अरे! कशाला धावलास?” मी घरात जाऊन भांडं आपटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते माझ्या भिंतीपलीकडे राहत होतं.

जळगावच्या एका वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं, विषय ‘सेवक : शब्द आणि साधना’. गाडीत जागा होती म्हणून मलाही नेलं. सुकलाल पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर आप्पांची पिशवी, पाण्याचा थर्मास, गोळ्यांचा डबा. वाटेत एरंडोल आलं तसे त्यानं काच खाली करून पद्मालयाच्या गणपतीच्या दिशेला हात जोडले. आप्पा मागून म्हणाले, “वारा फार येतोय, नाही?” त्यानं काच वर केली.

व्याख्यान सुरू झालं. दहा मिनिटांत आप्पांनी सुकलालला व्यासपीठावर बोलावलं. “या माणसाला लोक माझा नोकर म्हणतात,” ते म्हणाले. “मी म्हणतो, हा माझा गुरू. सेवा मी याच्याकडून शिकलो. याची जागा खाली नाही, माझ्या शेजारी आहे.” आयोजकांनी धावत गादीची खुर्ची आणली. सुकलाल तिच्या कडेवर टेकला, पाठ न टेकवता. पायांत चपला नव्हत्या, त्या त्यानं दारात काढलेल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

आप्पा बोलत राहिले. अर्ध्या तासानं त्यांचा घसा बसला. ते एकदा खाकरले.

सुकलाल खुर्चीवरून उठला, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरला, पिशवीतून थर्मास काढला, पेला भरला, पायऱ्या चढला, पेला दिला, रिकामा होईपर्यंत शेजारी उभा राहिला, पेला घेऊन खाली गेला, विसळला, आणि परत येऊन त्या गादीच्या खुर्चीच्या कडेवर टेकला. आप्पांचं वाक्य मधेच तुटलेलं होतं, तिथून त्यांनी पुढे चालू केलं. “...तर गुरूच्या ठायी अहंकार नसतो.” आणि मंडळी, लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. मी त्या सभागृहात चारी बाजूंना बघितलं. एकाही माणसाला हसू आलं नाही. त्या दिवसापासून व्याख्यानांवरचा माझा विश्वास उडाला.

परतताना मी सहज विचारलं, “आप्पा, सुकलालच्या लेकीचं नाव काय हो?” ते जरा गडबडले. “ती... साक्रीकडे दिली आहे ती. नाव ओठांवर आहे.” नोकर शब्दाच्या सात पिढ्या त्यांना पाठ होत्या. पुढून सुकलाल हळूच म्हणाला, “सुनीता.”

या सुनीतावरूनच पुढचं सगळं घडलं.

आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, आमरस-पुरणपोळ्या होतात. आप्पांच्या दोन्ही मुली पुण्याहून नातींना घेऊन यायच्या. कडुनिंबाला झोका बांधायचा तो सुकलालनं. फांदी तपासायची, दोराला गाठ मारायची, आधी स्वतः लोंबकळून बघायचं, मग पोरींना बसवायचं. अकरा आखाज्या मी गच्चीवरून हे पाहिलं. गच्चीवर माझ्या कुरडया वाळत असायच्या. चिकाचं जड पातेलं वर चढवायला मीही भिंतीवरून सुकलाललाच हाक मारायची, हे लपवत नाही. मी ‘अरे सुकलाल’ म्हणायची आणि वर ‘आमचा सुकलाल’ म्हणायची. आप्पांना हसणारी मी काही आभाळातून पडलेली नाही.

त्याची स्वतःची लेकही आखाजीला माहेरी, पिंपळनेरकडच्या घरी यायची. तिची आई होती तोवर ठीक होतं. मग आई गेली. त्यानंतर सुनीता यायची, दाराला कुलूप बघायची, शेजारणीकडून किल्ली घ्यायची, एकटीच झाडून-पुसून आईच्या नावची घागर भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी निघून जायची. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिला घरातलं कुणीतरी लागतं. तीन वर्षं तिनं हे केलं. चौथ्या वर्षी आखाजीच्या पंधरा दिवस आधी तिचा फोन आला. सुकलाल तेव्हा माझ्याकडे पातेलं उतरवत होता. त्याचा तो बटणाचा फोन, आवाज मला सगळा ऐकू आला.

“बा, यंदा तू घर नही ना, ते मी यावाव नही. यंदाबी नही आनी पुढेबी नही. बाप घर नही ते माहेर कसानं?”

त्यानं फोन खिशात ठेवला.  मग मला म्हणाला, “बाई, मी आप्पाले इचारू का?” मी म्हटलं, विचार की. म्हणायला काय जातंय?

दर सोमवारी संध्याकाळी आप्पांच्या ओसरीत आम्ही पाच-सहा निवृत्त मास्तर मंडळी जमायचो. त्या सोमवारी आप्पा नवा लेख वाचून दाखवत होते. सुकलालनं चहाचा ट्रे ठेवला आणि तो गेला नाही. तिथंच उभा राहिला. ही गोष्टच एवढी नवी होती की आप्पांचं वाचन थांबलं.

“आप्पा, आखाजीले माले घर जावानं शे.”

आप्पा हसले. “अरे, घरीच तर आहेस.”

“मना घर. सुनीता येनार शे.”

“मग तिला इकडे बोलाव! हे काय तिचं माहेर नाही?” मंडळींनी माना डोलावल्या.

“तिनी मायनी घागर अठे कशी भरसू, आप्पा?”

आप्पांनी कागद खाली ठेवले. आवाजातली साय आणखी दाट झाली. “सुकलाल, मी तुला अडवणारा कोण? मी कधी अडवलंय? फक्त ताई-माई येणार, पोरी येणार, अक्कांच्यानं आता होत नाही. ऐन सणाला घरच्या माणसानं घर सोडलं की वाईट वाटतं, एवढंच.” वाक्य हवेत सोडून ते आढ्याकडे बघायला लागले.

अकरा वर्षं सुकलालनं हे वाक्य झेललं होतं. आम्ही सगळे कप तोंडाला लावून वाट बघत होतो, की आता तो ‘बरं’ म्हणेल आणि लेख पुढे चालू होईल. मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी चहा प्यायले.

सुकलाल म्हणाला, “आप्पा, माले सालदारच करी टाका परत. माले नोकर म्हना. लोकेस्मा म्हना, मी काही वाईट मानाव नही. नोकरले आखाजी र्‍हास. घरना माणूसले नही र्‍हास.”

 आणि मग आतल्या दारातून हसण्याचा आवाज आला. अक्का हसत होत्या. पदर तोंडाला लावलेला, पण हसू आवरत नव्हतं, खांदे गदगदत होते. इतक्या वर्षांत अक्कांना मी मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि आत गेल्या. त्यांना तो विनोद आमच्या सगळ्यांआधी कळला, कारण घरचं माणूस होऊन त्यांना पन्नास वर्षं झाली होती.

आप्पांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, आता माणूस विरघळेल, नाहीतर फुटेल. ते म्हणाले, “नोकर नाही, सुकलाल. सेवक म्हण.”

एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो स्वतःसाठी काही मागायला उभा राहिला होता, आणि यांनी त्याचा शब्द दुरुस्त केला. मला त्या क्षणी त्यांचा जो तिटकारा आला तो अजून गेलेला नाही, आणि तो घालवायचा माझा विचारही नाही.

नंतर आखाजीपर्यंत आप्पा वाईट वाटून घेत राहिले. वाईट वाटून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. जेवण कमी केलं. फिरायला जाणं सोडलं. सकाळच्या व्हॉट्सॲपवर ‘कृतज्ञता हा सेवेचा आत्मा’ असं काहीबाही सगळ्यांना पाठवलं, खाली नेहमीसारखं ‘आपला सेवक’. सुकलाल वाचू शकत नव्हता, तेव्हा तो बाण आमच्यासारख्यांना लागून वाया गेला.

आखाजीच्या आदल्या दिवशी आप्पांच्या मुली आल्या. सुकलालनं त्यांच्या बॅगा वर नेल्या. झोक्याचा दोर त्यानं माळ्यावरून काढला, झटकला, नीट वेटोळं करून कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवला. बांधला मात्र नाही. मग तो भिंतीपाशी आला.

“बाई, उद्या पानी येवाना दिन शे. कॉक पायरीखाले शे. हात घालीसन उजवीकडे फिरावना. आप्पाले माहीत नही.”

मी विचारलं, “आप्पांना सांगितलंस?”

“सांगं. आप्पा लेख लिखी र्‍हायंतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीला तो निघाला तेव्हा मी अंगणात सडा टाकत होते. हातात एक पिशवी. अक्का फाटकापर्यंत आल्या. त्यांनी सांजोऱ्यांचा डबा आणि एक नवं लुगडं त्याच्या हातात दिलं. “सुनीताले दे. सांग, अक्कानी धाडं शे.” तो वाकायला लागला तर त्यांनी त्याला वाकू दिलं नाही. “जाय भाऊ. गाडी चुकी जाई.” तो पांझरा नदीच्या पुलाकडे चालत गेला, भरभर, एकदाही मागे न बघता.

आठच्या सुमाराला आप्पांचा आवाज ऐकू आला. “सुकलाल दिसत नाही वाटतं.” कुणी झेललं नाही. नऊला, “झोका अजून बांधलेला दिसत नाही.” नाती दोराभोवती नाचत होत्या. तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. नवं लुगडं, हातात पिशवी, आणि तोंडात थेट त्यांची माहेरची बोली.

“झोका अठे कोन बांधी? चला वं पोरीसहोन, एरंडोलले मामाकडे जाऊत. तठे आंबाले झोका बांधेल शे.”

आप्पा दारात आले. “आणि मी? घर उघडं टाकून कसं जायचं? घराला कुणीतरी हवं.”

“हां,” अक्का म्हणाल्या, गाडीत बसता बसता. “तुम्ही शेतस ना घरना माणूस.”

गाडी गेली. मला गच्चीवर जाऊन नाचावंसं वाटलं, पण साठी उलटलेली, आणि गच्चीभर कुरडया.

सुकलाल परत आला का, असं लोक मला विचारतात. नाही आला. आता तो पिंपळनेरजवळ एका शेतकऱ्याकडे सालदार आहे. बोली ठरवून राहिलाय, आखाजी धरून. सुनीता दरवर्षी येते. मालक कसा आहे, असं मी फोनवर विचारलं तर म्हणाला, “मालकना गत शे, बाई. वरडस. पन आखाजीले घर येस इचाराले.” त्याच्या आवाजात जे होतं त्याला मी काय म्हणू? माझ्या वडिलांच्या पोटातला तो गोळा आता दुसऱ्या कुणाच्या पोटात उठतो, आणि त्याचं सुख या माणसाच्या आवाजात मला ऐकू आलं. आप्पांनी नंतर तीन माणसं ठेवून पाहिली. तिघांनाही ‘घरचा माणूस’ म्हणून सांगितलं. एकही महिनाभर टिकला नाही. मग लेक येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली, अक्कांनाही. निघताना पाटी काढायची कुणाला आठवण राहिली नाही.

पण डोळे मिटले की मला आप्पा दिसतात ते पुण्याचे नाहीत, त्या आखाजीच्या दुपारचे. मी गच्चीवर कुरडया उलटवत होते. खाली पाणी आलं. आधी पाइपात हवा फुसफुसली, मग धार लागली, मग हळूहळू त्यांची टाकी भरली आणि कडेवरून पाणी सांडायला लागलं. अंगणात ओघळ झाला, कडुनिंबाखाली दोराचं वेटोळं भिजलं, पाणी फाटकाखालून रस्त्यावर निघालं. एवढं पाणी. मला फार वाईट वाटलं, पाण्याचं.

आप्पा ओसरीत आले. पांढराशुभ्र झब्बा, हातात पेन. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग आढ्याकडे.

“टाकी भरली वाटतं,” ते म्हणाले.

घरात कुणी नव्हतं. ते थोडं थांबले. एकदा खाकरले. पाणी पायरीवरून उतरत होतं, त्याच पायरीवरून, जिच्याखाली कॉक होता आणि जिच्यावर ते अनवाणी उभे होते. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले.

“बाई,” ते जरा मोठ्यानं म्हणाले, “टाकी भरली वाटतं!”

मी कठड्यापाशी आले, खाली वाकून नीट बघितलं आणि म्हटलं, “हो आप्पा. भरलीय.”

आणि परत कुरडयांकडे वळले. अजून अर्ध्या उलटवायच्या होत्या.